आधी घर, मग बिऱ्हाड



आजचा विषय थोडा रुक्ष आहे, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. संस्थेचा कारभार क्लाउडवर नेण्यापूर्वी तिकडील सर्व्हरची तयारी कशी करावी, हा प्रश्न वसंत व्याख्यानमालेच्या मंडपात कशाला, असे कोणी विचारील. परंतु समोर बसलेल्यांपैकी कोणी सहकारी बँकेचे सभासद आहेत, कोणी पतपेढीच्या संचालक मंडळावर असतील, कोणी शाळेच्या, ग्रंथालयाच्या किंवा रुग्णालयाच्या कार्यकारिणीत असतील. आणि ज्यांचा यांपैकी कशाशीच संबंध नाही, त्यांचेही निवृत्तिवेतन कोठल्या ना कोठल्या सर्व्हरवरूनच येत असते. या संस्थांच्या सभांतून "आपली यंत्रणा आता क्लाउडवर न्यावयाची" असा ठराव येतो, खर्चाचा आकडा वाचला जातो आणि हात वर होतात. तो हात वर करण्यापूर्वी काय विचारावे, एवढे जरी आज आपल्या पदरी पडले, तरी हा तास सत्कारणी लागला असे मी समजेन.

क्लाउड म्हणजे काय?

आपल्या टेबलावरचा संगणक एका माणसाचे काम करतो. अनेकांच्या मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. बँकेच्या खिडकीवरचा कारकून तुम्हाला शिल्लक सांगतो, तेव्हा ती त्याच्या समोरच्या यंत्रात नसते. ते यंत्र सर्व्हरला विचारते, सर्व्हर खातेवही उघडतो आणि उत्तर धाडतो. पूर्वी हा सर्व्हर संस्थेच्याच एखाद्या थंड खोलीत असे. त्याच्या दाराला कुलूप, शेजारी बॅटऱ्या आणि देखरेखीला एक माहितगार माणूस.

क्लाउड हे नाव काव्यमय खरे, पण त्याचा आकाशाशी काही संबंध नाही. एखादी कंपनी प्रचंड इमारती बांधते, त्यांत हजारो यंत्रे बसविते, वीज, गारवा आणि पहारा यांची सोय करते, आणि त्या यंत्रांतील जागा ज्याला हवी त्याला, हवी तितका वेळ, भाड्याने देते. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली हा धंदा खुला केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपली केंद्रे सुरू केली आणि २०१६ साली ॲमेझॉनचे मुंबई केंद्र उघडले. म्हणजे हा मेघ पाहावयाचा तर मान वर करण्याचे कारण नाही. तो आपल्याच प्रांतात, काँक्रीटच्या छपराखाली आहे.

येथे सर्व्हर भाड्याने घेणे फार सोपे असते. पडद्यावर चार खुणा केल्या की पाच-दहा मिनिटांत यंत्र हजर. आणि सगळी मेख या सोपेपणातच आहे. रिकामी खोली ताब्यात आली म्हणजे घर तयार झाले, असा माणसाचा समज होतो. जुन्या घरात आपण वीस वर्षे राहिलेले असतो. अंधारातही हात बरोबर दिव्याच्या बटणावर जातो, पाणी किती वाजता येते ते न बघता कळते, कोणती खिडकी पावसात गळते ते ठाऊक असते. यातले काहीही कोठे लिहून ठेवलेले नसते. जुन्या सर्व्हरचेही असेच आहे. वर्षानुवर्षे कोणी एक सोय करून दिली, कोणी एक कळ फिरवून ठेवली, आणि कारभार बिनबोभाट चालू लागला. खातेवह्या उचलून नव्या जागी नेता येतात; ही न लिहिलेली व्यवस्था आपल्या पायाने चालत येत नाही. ती नव्या जागी आधीच, जाणीवपूर्वक, उभी करावी लागते. या उभारणीला संगणकाचे जाणकार कॉन्फिगरेशन म्हणतात. आपण तिला मांडणी म्हणू.

"आधी पुनर्वसन, मग धरण" ही धरणग्रस्तांच्या चळवळीची घोषणा महाराष्ट्राने पुष्कळ वेळा ऐकली आहे. नव्या गावठाणात पाणी, रस्ता, शाळा झाल्याशिवाय जुन्या गावाच्या अंगणात पाणी सोडू नका, एवढीच त्या लोकांची मागणी होती. माणसांच्या विस्थापनाचे दु:ख आणि यंत्रांची हलवाहलव यांची बरोबरी मला करावयाची नाही. पण कामाचा क्रम मात्र दोन्हीकडे तोच आहे. तो उलटा झाला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. ते मी जरा विस्ताराने सांगतो, कारण त्याची चौकशी होऊन तिचा अहवाल सर्वांसमोर आलेला आहे.

एका बँकेचे स्थलांतर

टीएसबी ही ब्रिटनमधील एक बँक. ती आधी लॉइड्स या बड्या बँकसमूहात होती. २०१३ साली वेगळी काढण्यात आली आणि २०१५ साली साबादेल या स्पॅनिश बँकेने ती विकत घेतली. वेगळी झाली तरी तिच्या खातेवह्या लॉइड्सच्याच यंत्रांवर होत्या आणि त्यांचे भाडे तिला भरावे लागे. म्हणून साबादेलने आपल्या संगणक विभागाकडून टीएसबीसाठी नवी यंत्रणा तयार करविली. दोन केंद्रे उभी राहिली. दोन्ही केंद्रांनी एकाच वेळी काम करावयाचे आणि एक बंद पडले तर दुसऱ्याने भार उचलावयाचा, अशी योजना होती. २०१८ च्या एप्रिल महिन्यात एका शनिवार-रविवारी, सुमारे ५२ लाख ग्राहकांचा कारभार जुन्या घरातून नव्या घरात नेण्यात आला.

आता लक्षपूर्वक ऐकण्याजोगी गोष्ट अशी की, माहिती बिनचूक हलली. खाती, रकमा, नावे सर्व काही नव्या जागी सुखरूप पोहोचले, असे तेथील नियामक संस्थेनेच पुढे नमूद केले. कोसळले ते नवे घर. २२ एप्रिलला दारे उघडताच लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना. सुमारे १९ लाख लोक खात्याबाहेर अडकून राहिले. काहींना आपल्याऐवजी भलत्याचेच खाते दिसू लागले. शाखांतूनही काम होईना. ज्यांचे पगार जमा व्हावयाचे होते, ज्यांना घरभाडे चुकते करावयाचे होते, त्यांची काय अवस्था झाली असेल, ती आपण कल्पनेने जाणू शकता. पहिल्या वर्षभरात सव्वादोन लाखांहून अधिक तक्रारी आल्या. कारभार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. मुख्याधिकाऱ्यांना सप्टेंबरातच पद सोडावे लागले. ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली, आणि २०२२ च्या डिसेंबरात दोन नियामक संस्थांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

हे का झाले? बँकेने नेमलेल्या वकील मंडळींच्या चौकशीचा अहवाल २०१९ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. त्यात कारणे तीन प्रकारची आढळली: मांडणीतील दोष, क्षमतेतील उणीव आणि आज्ञावलीतील चुका. यांतली पहिली दोन तर सर्वस्वी नव्या घराच्या तयारीतलीच आहेत. त्यातही एक गोष्ट अशी, की गर्दीचा ताण देऊन जी चाचणी करावयाची, ती दोन केंद्रांपैकी एकाच केंद्रावर केली गेली होती. दुसरे केंद्र पहिल्यासारखेच आहे, असे गृहीत धरले होते. आणि स्थलांतराची तारीख आधी ठरवून काम तिच्यात बसविण्यात आले, असाही ठपका चौकशीने ठेवला. लग्नाचा मुहूर्त आधी धरावा आणि मग स्थळ शोधावयास निघावे, त्यातलाच हा प्रकार.

घराचा आकार

आता नव्या सर्व्हरची तयारी म्हणजे नेमके काय, ते क्रमाने पाहू. पहिला प्रश्न आकाराचा. यंत्राचा वेग किती हवा, स्मरणशक्ती किती, साठवणीची जागा किती आणि त्या साठवणीतून माहिती बाहेर काढण्याची गती किती? पुष्कळदा महिन्याची सरासरी काढून उत्तर दिले जाते, आणि तेथेच घात होतो. समजा, एका पतपेढीचा सर्व्हर महिनाभर सरासरी आपल्या शक्तीच्या दहाव्या हिश्शानेच राबतो. पण पगाराच्या दिवशी सकाळी अकरा वाजता तोच धापा टाकीत असतो. घराचा आकार रोजच्या चार माणसांवरून ठरविला, तर मंगळागौरीच्या रात्री बायका अंगणात उभ्या राहणार. म्हणून निदान एक पूर्ण महिना, आणि शक्य तर मार्चअखेर धरून, जुन्या यंत्रावरील भाराची नोंद आधी घ्यावी आणि आकार त्या सर्वांत गर्दीच्या तासावरून ठरवावा.

याच्या उलट टोकाला जाऊन भलामोठा वाडा भाड्याने घेण्याचेही कारण नाही, कारण भाडे तासागणिक चढत असते. क्लाउडवर यंत्राचा वेग आणि स्मरणशक्ती पुढे कमीजास्त करता येते. थोडा वेळ यंत्र थांबवावे लागते, इतकेच. परंतु सर्वच गोष्टी अशा नंतर फिरविता येत नाहीत. साठवणीची जागा वाढविणे सोपे असते. ती आहे तेथेच कमी करणे बहुधा शक्य नसते. आणि नव्या घरातील पत्त्यांचे आकडे एकदा ठरले की ते बदलणे फार जिकिरीचे होते. क्लाउडवरील यंत्रांना आपण जे अंतर्गत पत्ते देतो, तेच जर आपल्या कचेरीतील यंत्रांचेही असतील, तर दोन्हीकडे एकाच नंबरची घरे होतात आणि पोस्टमन गोंधळतो. म्हणजे कचेरी आणि क्लाउड यांचे बोलणेच होऊ शकत नाही. जे नंतर बदलता येणार नाही त्याचा विचार सर्वांत आधी करावा, हा गृहस्थाश्रमातला नियम येथेही लागू आहे.

दारे आणि किल्ल्या

दुसरा प्रश्न दारांचा. सर्व्हरला क्रमांक दिलेली पासष्ट हजारांवर दारे असतात. संकेतस्थळ पाहणारा सहसा ४४३ क्रमांकाच्या दाराने येतो. खातेवहीचे दार निराळे, देखरेख करणाऱ्याचे दार निराळे. जुना सर्व्हर संस्थेच्या खोलीत, भिंतीआड होता. त्याची काही दारे उघडी राहिली तरी ती फार तर आपल्याच ओसरीत उघडत होती. क्लाउडवर तेच दार चुकून मोकळे राहिले, तर ते साऱ्या जगाच्या रस्त्यावर उघडते. म्हणून आधी सर्व दारे बंद धरावीत आणि कोणाला, कोठून, कोणत्या दाराने यावयाचे आहे त्याची यादी करून तेवढीच उघडावीत. खातेवहीचे दार रस्त्यावर कधीच उघडू नये.

दारांबरोबर किल्ल्याही आल्या. क्लाउडवर प्रत्येक सर्व्हरला काही अधिकार दिलेले असतात: हा अमुक कोठार वाचू शकतो, तो तमुक वहीत लिहू शकतो. घाईच्या वेळी "सध्या सगळेच अधिकार देऊन टाका, मग पाहू" असे म्हटले जाते, आणि ते "मग" कधी येत नाही. अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेने आपला कारभार क्लाउडवर नेला होता. तिच्या एका पहारेकरी यंत्राच्या मांडणीत दोष राहिला आणि त्या यंत्राच्या हाती गरजेपेक्षा अधिक कोठारांच्या किल्ल्या होत्या. २०१९ साली एका व्यक्तीने त्या फटीतून आत शिरून अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती मिळविली. २०२० साली तेथील बँक नियंत्रकांनी ८ कोटी डॉलर दंड केला. त्याचे एक कारण असे दिले की, क्लाउडवर जाण्यापूर्वी धोक्यांची मोजदाद करण्याची पुरेशी व्यवस्था या बँकेने केली नव्हती. "जाण्यापूर्वी" हा शब्द आपण ध्यानात ठेवावा.

येथे घरमालक आणि बिऱ्हाडकरू यांच्या जबाबदारीची वाटणीही समजून घेतली पाहिजे. इमारत, वीज, फाटकावरचा पहारा हे क्लाउडवाल्या कंपनीचे काम. आपल्या खोलीला कुलूप लावणे हे आपले काम. खोली उघडी टाकून चोरी झाली, तर मालक फाटकाकडे बोट दाखवील आणि तो करारात बसूनच बोलत असेल.

घड्याळ, लिपी आणि शेजार

तिसरा प्रश्न बारीकसारीक गोष्टींचा. या इतक्या क्षुल्लक दिसतात की ठरावात कधी येत नाहीत, आणि नेमक्या याच नंतर नडतात.

घड्याळाचे पाहा. क्लाउडवरील नव्या सर्व्हरचे घड्याळ, आपण बदलले नाही तर, बहुधा जागतिक प्रमाणवेळ दाखविते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्या बँकेत ३१ मार्चची मध्यरात्र उलटून १ एप्रिल लागतो, तेव्हा त्या सर्व्हरच्या लेखी ३१ मार्चचे सायंकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. मध्यरात्री व्याज चढविण्याचे जे काम नेमून ठेवलेले आहे, ते आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होईल. आणि नव्या वर्षाच्या पहिल्या साडेपाच तासांत कोणी पैसे पाठविले, तर त्यांची नोंद गेल्या आर्थिक वर्षात पडण्याचा संभव. एका कळीचा प्रश्न. पण ताळेबंद जुळेना म्हणून हिशेबनीस रात्री जागवील, तेव्हा त्याला घड्याळाचा संशय सर्वांत शेवटी येईल.

लिपीचे तसेच. यंत्राला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याचा एक कोश असतो. सर्व जगाच्या लिपींसाठी आता युनिकोड हा कोश रूढ आहे. परंतु मायएसक्यूएल या बहुप्रचलित खातेवहीचे उदाहरण घ्या. २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, कोणी निराळे सांगितले नाही तर, ती पश्चिम युरोपातील लिपींचाच कोश वापरीत असे. अशा वहीत देवनागरी नावे ओतली तर "ज्ञानेश्वर" आणि "मुक्ताबाई" या दोहोंच्या जागी सारखीच प्रश्नचिन्हे उमटू शकतात. आणि प्रश्नचिन्ह एकदा वहीत उतरले की मागचे नाव त्यातून पुन्हा काढता येत नाही. आपल्याकडे तर याहून जुनी अडचण आहे. कित्येक संस्थांतील मराठी मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या विशिष्ट टंकांवर लिहिलेला आहे. तो टंक नव्या यंत्रावर नसला, तर पावतीवर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन काला छापून येतो. इंग्रजी नावे घालून केलेल्या चाचणीत यातले काहीही दिसणार नाही. म्हणून चाचणी मराठी नावांनीच करावी, आणि त्यांत जोडाक्षरे, रफार नि ळ भरपूर असावेत.

मग शेजाराचा प्रश्न येतो. आपला सर्व्हर एकटा राहत नाही. संदेश पाठविणारी कंपनी, पैसे हस्तांतरित करणारी यंत्रणा, एटीएमचे जाळे, या सर्वांनी आपल्या फाटकावर "या पत्त्यावरून येणाऱ्यालाच आत सोडा" अशी पाटी लावलेली असते. तेथे आपला जुना पत्ता असतो. नव्या पत्त्यावरून गेलेल्या पहिल्या निरोप्याला सगळे दारातूनच परत लावतात. नवा पत्ता या शेजाऱ्यांच्या वह्यांत चढविण्यास आठवडे लागतात. तेव्हा ते अर्ज आधी जावयास हवेत.

जगाला आपला पत्ता सांगणारी एक सार्वजनिक नामावलीही असते. तिच्यातून पत्ता विचारणारे लोक तो काही काळ आपल्यापाशी टिपून ठेवतात. किती काळ, ते आपणच ठरविलेले असते. हा काळ पुष्कळदा ८६,४०० सेकंद, म्हणजे एक संपूर्ण दिवस असतो. तो तसाच राहिला, तर घर बदलल्यावरही लोक दिवसभर जुन्याच दारावर टकटक करीत राहतील. म्हणून स्थलांतराच्या दोन दिवस आधी तो काळ ३०० सेकंदांवर, म्हणजे पाच मिनिटांवर, आणून ठेवतात. खर्च काही नाही. फक्त आठवण हवी.

आणि शेवटी किल्लीचीच आणखी एक गंमत. हिशेबाच्या काही जुन्या आज्ञावली यंत्राच्या पाठीमागे लावलेल्या एका किल्लीवाचून उघडत नाहीत. क्लाउडवरील यंत्राला पाठच नाही; मग किल्ली लावावयाची कोठे? याचे उत्तर आज्ञावली विकणाऱ्याकडून आधी, आणि लेखी, घ्यावे.

सारखेपणा

टीएसबीच्या कथेतील दुसरे केंद्र आपल्याला आठवत असेल. दोन यंत्रे सारखी आहेत असे म्हणणे निराळे आणि ती सारखी असणे निराळे. अमेरिकेतील नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातील मोठी पेढी होती. तिने २०१२ साली आपल्या आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली बसविण्याचे ठरविले. ती सातांवर बसली, आठव्यावर बसली नाही. त्या आठव्यावर वर्षानुवर्षे निजलेली एक जुनी आज्ञावली १ ऑगस्टच्या सकाळी जागी झाली आणि भराभर खरेदी-विक्रीचे हुकूम सोडू लागली. अवघ्या ४५ मिनिटांत पेढीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

यावर उपाय जुनाच आहे: लिहून काढणे. मनुष्याने पडद्यावर एकेक कळ दाबून आठ यंत्रे मांडली, तर आठही सारखी होतील याची हमी कोणी देऊ नये. आता सगळी मांडणी, म्हणजे आकार, पत्ते, दारे, किल्ल्या, घड्याळ आणि लिपी, एका मजकुरात लिहून ठेवता येते, आणि तो वाचून यंत्रच यंत्राची उभारणी करते. २०१४ साली आलेले टेराफॉर्म हे अशा साधनांपैकी एक. याचा लाभ केवळ वेगाचा नाही. मजकूर लिहिलेला असला की तो दुसऱ्या माणसाला तपासता येतो, काय केव्हा बदलले ते कळते, आणि माहितगार माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याच्याबरोबर घराचा नकाशा जात नाही. आपल्या कित्येक संस्थांत हा नकाशा एकाच गृहस्थाच्या डोक्यात असतो, आणि त्या गृहस्थाच्या रजेच्या दिवशी सर्वांना देव आठवतो.

रंगीत तालीम आणि परतीची वाट

इतकी तयारी झाल्यावरही एकदम बिऱ्हाड हलवू नये. नाटकाचा पहिला प्रयोग रंगीत तालमीवाचून कोणी लावीत नाही. जुन्या सर्व्हरचे काम न थांबविता त्याची प्रत सतत नव्या जागी उतरवीत राहण्याची साधने आहेत. त्या प्रतीवरून एक चाचणीचा सर्व्हर उभा करावा. तो बंद खोलीत असावा. नाहीतर तालमीतले संदेश खऱ्या खातेदारांच्या फोनवर जाऊन पोहोचतील. त्यावर खिडकीवरच्या खऱ्या कारकुनांना बसवावे, पगाराच्या दिवसाइतकी गर्दी कृत्रिम रीतीने निर्माण करावी, मार्चअखेर करून पाहावी. जितकी केंद्रे असतील तितक्यांची परीक्षा घ्यावी. त्यातच एखादा जुना पडद्याआडचा संबंध उघडा पडतो, जुन्या जागेचा पत्ता आज्ञावलीत कोरलेला सापडतो, किंवा जुन्या यंत्रावरून उचललेली प्रत नव्या यंत्राची चालक-आज्ञावली नसल्यामुळे सुरूच होत नाही असे कळते. असा दोष तालमीत सापडला तर एक दुपार जाते. प्रयोगात सापडला तर संस्थेची अब्रू जाते.

परतीची वाटही आधी आखावी. जुना सर्व्हर जसाच्या तसा राखून ठेवला म्हणजे परत फिरता येते, ही समजूत अर्धीच खरी आहे. नव्या जागी खातेदारांचे व्यवहार सुरू झाले की ते जुन्या वहीत नसतात; मग मागे फिरणे दर तासाला अधिक अवघड होत जाते. म्हणून दारे उघडण्यापूर्वीच ठरवावे: अमुक वाजेपर्यंत अमुक गोष्टी चालल्या नाहीत तर आपण परत फिरणार, आणि हा निर्णय अमुक व्यक्ती घेणार. त्या घटकेला सभा बोलाविण्यास वेळ नसतो.

घाईचे कारण काय, हेही विचारावे. नेटफ्लिक्स या कंपनीच्या खातेवहीत २००८ च्या ऑगस्टमध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस तिला ग्राहकांकडे तबकड्या पाठविता आल्या नाहीत. तेव्हा तिने क्लाउडवर जावयाचे ठरविले, आणि ते स्थलांतर पूर्ण झाले २०१६ च्या जानेवारीत. सात वर्षे लागली, कारण तिने जुने सामान उचलून नव्या जागी टाकले नाही; एकेक काम नव्या घराच्या रीतीने बसवून मग जुने बंद केले. आपल्या पतपेढीला सात वर्षे नकोत, सात महिने पुरतील. पण दोन सुट्ट्यांच्या मध्ये सगळे उरकू, असे कोणी म्हणू लागला, तर त्याच्याकडे जरा निरखून पाहावे.

तेव्हा मंडळी, पुढच्या सभेत तो ठराव आला म्हणजे विरोध करू नका. क्लाउडवर जाण्यात पुष्कळ हित आहे. गळक्या खोलीत एकाच यंत्रावर साऱ्या गावाचे पैसे ठेवण्यापेक्षा ते निश्चित बरे. पण उठून इतके विचारा: आकार कोणत्या दिवसाच्या गर्दीवरून ठरविला? कोणती दारे उघडी राहणार, त्यांची यादी कोठे आहे? मराठी नावांची आणि मार्चअखेरची चाचणी कोणी पाहिली? मांडणी लिहून काढली आहे काय? परत फिरण्याची वेळ कोणती, आणि निर्णय कोणाचा? "ते सगळे कंपनीवाले पाहतील", असे उत्तर मिळाले तर ते पुरेसे मानू नका. टीएसबीलाही पुरवठादाराकडून तयारीची ग्वाही मिळालेली होती. ती पुरेशी पारखून न घेता स्वीकारली, हाच तिच्यावरचा एक आरोप ठरला, आणि २०२३ साली तिच्या माजी माहिती-तंत्र प्रमुखांना याच कामातील हयगयीबद्दल स्वत:च्या खिशातून ८१,६२० पौंड दंड भरावा लागला.

या पाच प्रश्नांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. नवे बिऱ्हाड करताना आपली आई हेच विचारीत असे: पाणी येते का, कडी लागते का, शेजार कसा आहे, आणि जमले नाही तर महिन्याभरात खोली सोडता येईल का.